डावा पाय

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. सोबत माझंच मागचं पत्र तांबड्या शाईने रंगवून परत आलेलं पाहून आई पोट धरून हसली. छापखान्यात लोकांच्या चुका काढायचा पगार घेतेस ते ठीक आहे, भावाला तरी सूट दे की! ‘विमान’मधला ‘वि’ ऱ्हस्व, हे आता पक्कं लक्षात ठेवीन. सहा वर्षं जे बांधतोय ते धड लिहिता येत नाही म्हणजे कमालच झाली.

तर बातमी अशी की इंजिन चाललं! नकाशात दिलेलं विमानाचं इंजिन आता कुठे मिळतच नाही, म्हणून ठोकर खाल्लेल्या मोटारीचं काढून आणलं होतं, ते तुला माहीत आहेच. अडचण एवढीच की मोटारीचं इंजिन भलतंच जोरात फिरतं आणि नाकावरच्या लाकडी पंख्याला तेवढा वेग सोसत नाही. मध्ये पट्टा लावून पाहिला. तो जळाला, आणि त्याचा वास आईने वाळत घातलेल्या कपड्यांत आठवडाभर राहिला. आता दातेरी चाकांची जोडी बसवली आहे. दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकली की दुसरं उलटं फिरतं, म्हणजे आपला पंखाही उलटा. सुताराला लाकडी पंखा उलट्या बाजूचा कोरायला सांगितला, तर माझं डोकं ठिकाणावर आहे ना, हे तो आईला दोनदा विचारून गेला.

काल शेडमध्ये बराच वेळ चालवलं. पत्रे थरथरत होते, खिळ्यांचे डबे फळीवरून खाली आले, आई दारात उभी राहून बंद कर, बंद कर असे हातवारे करत होती. पण तापमानाचा काटा धोक्याच्या खुणेकडे वळलासुद्धा नाही. भाऊजींना नमस्कार सांग. माया आहे तेवढी असू दे, तांबडी शाई मात्र जरा कमी कर.

तुझा,
खटपट्या


१५ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवसभर लोकांच्या कवळ्या करतोस आणि विमानातही शेवटी दातेच बसवलेस! धन्य आहे बाबा तुझी. हे घरी असले की तुझी पत्रं मी त्यांना जेवताना वाचून दाखवते, पण सध्या ते फवारणीच्या कामावर बाहेरगावी आहेत. शेतांवरून इतक्या खालून विमान नेतात की गुरं उधळतात, आणि इतक्या वर्षांत एका विमानाला ओरखडा नाही, हे तुला पुन्हा ऐकवायला नको. त्यांचं मला कधी भय वाटलं नाही. तुझं वाटतं.

मोटारीचं इंजिन रस्त्यात बंद पडलं तर माणूस उतरून ढकलतो. तू वर काय करणार आहेस? परवा कुणाच्या तरी निधनाच्या जाहिरातीचं मुद्रित तपासायला आलं. वय अगदी तुझ्याएवढं. नावातला एक काना गळला होता. मी पुन्हा पुन्हा वाचलं तरी मला तो दिसला नाही, शेवटी मशीनवाल्याने दाखवला. अशी माझी अवस्था झाली आहे. घाई करू नकोस. आईला जप, आणि बहिणीचा शब्द थोडा तरी मानत जा.

तुझी,
ताई


९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाबरू नकोस, मी अजून जमिनीवरच आहे. धावपट्टीवर नुसतं पळवून पाहतोय, आणि त्यात अशी फजिती झाली की विचारू नकोस.

विमानात पायाशी दोन पॅडल असतात, त्यांनी नाक इकडेतिकडे वळतं. फ्लाइंग क्लबच्या ज्या विमानांवर मी शिकलो, ती जोर दिला की डावीकडे ओढतात. म्हणून उजवा पाय दाबायचा. इथला प्रत्येक वैमानिक तेच करतो, विचारसुद्धा न करता. पण आपल्या बयेचा (आई विमानाला बया म्हणते) पंखा उलटा, त्यामुळे ती ओढते उजवीकडे. म्हणजे दाबायचा डावा. मला हे ठाऊक होतं ग, माझ्या पायाला कुठे ठाऊक होतं! पहिल्याच दिवशी सवयीने उजवा दाबला आणि बया थेट कुंपणात. एक खांब मोडला, डाव्या-उजव्यापैकी एका पंखाचं कापड टोकाशी फाटलं, माझ्या गुडघ्याचं कातडं निघालं. हळू चालवताना काही कळत नाही, पूर्ण जोर दिला की मग झटका देते, आणि तेव्हा सावरायला वेळच मिळत नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी काम आटोपलं की तेवढाच सराव. आता डावा पाय आपसूक जातो. इतका, की परवा क्लबच्या विमानात बसलो आणि तिथेही डावाच दाबला! शिकवणाऱ्या साहेबांनी माझा उद्धारच केला. बया मात्र आता सुतासारखी सरळ पळते. महिनाअखेरीस वर न्यायचा विचार आहे. आईला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. सर्वांना नमस्कार, आणि मन शांत ठेव.

तुझा,
खटपट्या


२० एप्रिल

चि. खटपट्यास,
आशीर्वाद.

कुंपणाचं वाचून मी छापखान्यातच खो खो हसले, सगळे माना वर करून बघायला लागले. पुढे ‘महिनाअखेरीस’ वाचलं आणि हसू जागच्या जागी जिरलं. आईला सांगू नको म्हणतोस, पण तिला कळत नाही असं वाटतं का तुला? तिने शेजारणीकडून पत्र लिहून घेऊन मला पाठवलं आहे. म्हणते, संध्याकाळी इंजिनाचा आवाज सुरू झाला की हातातलं काम सुटतं, आणि तो थांबला की आणखीच भीती वाटते.

म्हणून नीट ऐक. पहिलं उड्डाण तू करायचं नाहीस. हे करतील. परवा घरी आले, आल्या आल्या मी दुसरं काही बोललेच नाही, एवढंच सांगितलं की पोरगं वर जायला निघालंय, काहीतरी करा. त्यांनी बूटसुद्धा काढले नव्हते. लगेच म्हणाले, मी जातो, आणि तू मागे पाठवलेले विमानाचे जुने नकाशे माझ्याकडून मागून घेतले. तुझं शिक्षण कालपरवाचं, त्यांचा जन्म त्यात गेला. इंजिन बंद पडलं तर ते वावरातसुद्धा उतरवतील. तुला आईची शपथ आहे, नाही म्हणू नकोस. मे महिन्यात येतील. तुला राग येईल, येऊ दे. राग आला तरी माझाच भाऊ राहशील.

तुझी,
ताई


११ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राग आला होता, खोटं कशाला बोलू? सहा वर्षं मी खपलो आणि पहिल्यांदा वर जाणार दुसरंच कुणी! पण आज सकाळी भाऊजी आले आणि राग कुठल्या कुठे गेला. आईचा चेहरा बघायला हवा होतास. कित्येक आठवड्यांनी ती पोटभर जेवली. आज तिने बयेला पहिल्यांदाच हात लावला आणि कापड कुठून आणलं म्हणून चौकशी केली.

दुपारभर आम्ही शेडमध्ये होतो. भाऊजी बोलतात कमी, पण एकेक बोल्ट हाताने चाचपून पाहिला. बसायच्या जागेवर बसून इंजिन चालवलं, डोळे मिटून आवाज ऐकला आणि म्हणाले, झकास. मी त्यांना सगळं समजावलं. पाणी किती तापू द्यायचं, तेलाचा काटा कुठवर ठीक, इंधनाचा दुसरा नळ कुठे आहे, उतरताना वेग किती हवा. मोटारीच्या इंजिनाला सुरुवातीला जोर हळूहळू द्यावा लागतो, तेही सांगितलं. मधूनमधून ते मलाच प्रश्न विचारत होते, आणि माझी छाती फुगत होती. मग धावपट्टीवर चक्कर मारली. कुंपणाचा मोडका खांब बघून भाऊजी हसले. म्हणजे माझ्या फजितीची कथा जेवताना रंगवून वाचलेली दिसते! मीही हसलो आणि विषय सोडला. स्वतःची लाज एकदा काढली तेवढी पुरे.

उद्या सकाळी वारा पडलेला असताना आधी हळू धाव घेऊन बघणार, मग वर. आता पंख्याला खोळ घालून शेडला कुलूप लावून आलो. भाऊजी शेजारच्या खोलीत निवांत घोरताहेत. मलाच झोप नाही, आनंदाने. पत्र सकाळी जाताना पेटीत टाकीन. पुढच्या पत्रात सगळं सविस्तर. तुझ्या हट्टाला शंभर नमस्कार.

तुझा,
खटपट्या


३० जून

चि. भावास,
आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, मीही लिहिलं नाही. दवाखान्यात पहिल्या दिवशी दारापर्यंत येऊन परत गेलास, ते मी पाहिलं. हाक मारली नाही, कारण मारली असती तर काय बोलले असते कोण जाणे. ह्यांना आता उशीला टेकून थोडं बसता येतं. चालण्याचं विचारू नका, असं डॉक्टर म्हणाले. मीही पुन्हा विचारलं नाही.

चौकशीला आलेल्या साहेबांनी वैमानिकाची चूक असा शेरा मारला. इंजिनात दोष नव्हता म्हणे. ह्यांनी निमूट सही केली. हळू धाव घेतली तेव्हा सगळं ठीक होतं, आणि जोर दिल्यावर विमान एकदम झाडांकडे गेलं, एवढंच ह्यांना आठवतं. रोज सकाळी छताकडे बघत उजवा पाय दिला होता, दिला होता, असं पुटपुटतात, आणि मग म्हणतात की उशिराच दिला असेन, वय झालं. तू त्यांना डाव्या पायाचं सांगितलं नाहीस रे! सगळं सांगितलंस आणि तेवढंच राहिलं. तुझ्या पायाला ते इतकं सवयीचं झालं की सांगण्यासारखं काही आहे हेच तुझ्या ध्यानात आलं नाही.

आणि मी? मला कुंपणही माहीत होतं, पायही माहीत होता. हे घरी आले तेव्हा मला तू जिवंत राहायला हवा होतास, बाकी काही दिसत नव्हतं. कुंपणाचं ते पत्र त्यांना वाचून दाखवायचं राहिलंच. खांब बघून ते कशाला हसले, कोण जाणे. तुझ्या कुंपणाची दशा बघून हसले असतील. त्यांना काहीही माहीत नव्हतं. तुझ्या जागी मी माझ्या नवऱ्याला बसवलं, हे मला कुणी सांगायची गरज नाही. दोनदा खरं सांगायला त्यांच्याजवळ बसले. दोन्ही वेळा त्यांनीच माझा हात धरून मला धीर दिला, आणि मी पाणी आणायला म्हणून उठले.

सोबत ह्यांचं पत्र आहे. झोपून लिहिता येत नाही, म्हणून त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. एकही शब्द बदललेला नाही. त्याचं उत्तर त्यांच्या नावाने पाठव. मी पाकीट न फोडता त्यांच्या हातात देईन. काय लिहायचं ते तू ठरव. पण खरं लिहिणार असलास तर मला त्यातून वगळू नकोस. आईची काळजी घे.

तुझी,
ताई


३० जून

प्रिय मेहुण्यास,
सप्रेम नमस्कार.

बरेच दिवस लिहीन म्हणत होतो, तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून राहिलं. तुझं इंजिन उत्तम होतं. तसं मी साहेबांनाही सांगितलं, तू मनात किंतु ठेवू नकोस. विमान ओढायला लागलं तसा मी पाय दिला, पण पूर्वीची चपळाई राहिली नसावी. तुझी सहा वर्षांची मेहनत मी मातीत घातली. तू विश्वासाने हातात दिलीस आणि माझ्याकडून ती सांभाळली गेली नाही, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

तू दवाखान्यात आला नाहीस, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. तुझ्या जागी मी असतो तर मलाही राग आला असता. फक्त ताईला बोल लावू नकोस. तुझ्या काळजीपोटी तिने मला पाठवलं, त्यात तिचा काय दोष? ती हल्ली लिहिता लिहिता मध्येच थांबते, आत्ताही थांबली आहे. तिला दोन ओळी लिहीत जा.

दुसरं विमान बांध. बांधशील तेव्हा पहिल्यांदा तूच वर जा, माझ्यासारख्याच्या हाती देऊ नकोस. झालं गेलं पोटात घाल आणि आमच्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझे,
भाऊजी