एका ताटात पुजलेल्या दोन अशरफ्या

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
जिल्हा जुनी नाणी तपासणी कक्ष,
बीड.

अर्जदार : संगमेश्वर शिवलिंग तोडकर, भांड्यांचे व्यापारी, मु. पो. नांदूरघाट, ता. केज, जि. बीड.

विषय : तपासणीसाठी दिलेली सोन्याची अशरफी बदलून आल्याबाबत, व साक्षीदार म्हणून श्रीमती विमलबाईंना बोलावण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज. २) त्यावरील आपले उत्तर, "अर्जदाराचे नुकसान दिसून येत नाही."

महोदय,

अर्जदार दुसऱ्यांदा आपल्या दारात उभा आहे, याचे त्यालाही वाईट वाटते. परंतु पहिल्या वेळी दार उघडले ते नुसते फटीएवढे, म्हणून पुन्हा सविस्तर.

१. अर्जदाराच्या मातोश्री कै. जगदेवी यांच्या गळ्यातल्या माळेतली निजामकाळची चारमिनारवाली एक अशरफी अर्जदाराकडे उरली आहे. माळ बहिणींत वाटली गेली, ही एक आईने त्याच्या हातात ठेवली. तिचे मोल सोन्यात नाही, ठशात आहे. टांकसाळीत नाणे ज्या पोलादी ठशाखाली दाबतात, तो ठसा एके दिवशी तडकला. लक्षात येऊन तो फेकून देईपर्यंत जी थोडी नाणी पडली, त्यांच्यावर डाव्या मिनारापासून काठापर्यंत केसाएवढी रेघ उठली. ओरखडा नाण्यात खोल जातो. ठशाची भेग नाण्यावर उंच येते. बोट फिरवले की लागते. आईच्या अशरफीला ती लागत असे.

२. हे सरकारी कागदावर यावे या हौसेने अर्जदाराने अशरफी आपल्या कक्षात जमा केली. पोचपावतीवर "पिवळ्या धातूचे गोल नाणे, एक" एवढेच लिहिले गेले. रेघेचा उल्लेख करा, असे म्हटल्यावर पावतीवर तेवढी जागा नसल्याचे कळले. त्याच सुमारास गेवराईचे बी-बियाण्यांचे व्यापारी मोहनराव देशमाने यांनीही तशीच एक अशरफी जमा केली. त्यांच्या पावतीवरही तेच गोल नाणे आहे. मोहनराव हे अर्जदाराचे जुने स्नेही. दोघांनाही नाण्यांचा नाद, आणि एकमेकांच्या नाण्याचा जरा जास्तच.

३. अशरफी परत आली ती "अस्सल" या दाखल्यासह. सोबत चारमिनारच्या कमानीत कुंकू. अर्जदार जुन्या नाण्याला पाणीसुद्धा लावत नाही, मग कुंकू कुठले? बोट फिरवले, तर रेघही नाही.

४. चौकशीअंती आपले लिपिक श्री. सिद्धाराम यांनी सरळपणे सांगितले की खंडेनवमीला कार्यालयात संगणक, शिक्के, जीपची किल्ली यांची पूजा मांडली, तेव्हा दोन्ही अशरफ्या पाकिटांतून काढून ताटात ठेवल्या होत्या. त्यांचे शब्द असे : "आप्पा, सोनं घरात असून पूजेला न्हाई घेतलं तर लक्ष्मी रुसती. आन् दोनी सारख्याच हायत की." माणूस भाविक आहे, त्याच्यावर कारवाई करू नये. पूजा आटोपल्यावर कुठली अशरफी कुठल्या पाकिटात गेली, हे एक लक्ष्मीच जाणे.

५. दाखल्याविषयी लिहिणे जड जाते. तपासणीला आपण सराफ बोलावला. त्याने मशीन लावून सोने शुद्ध असल्याचे सांगितले आणि त्यावरून नाणे अस्सल ठरले. अर्जदाराने भिंगातून पाहिले असता, हातात आलेली अशरफी ठशाखाली दाबलेली नसून साच्यात ओतलेली आहे. अंगावर बारीक छिद्रे आहेत आणि उजवा मिनार अर्धवट भरल्याने बुटका राहिला आहे. सोने खरे, नाणे खोटे.

६. आपले उत्तर असे की दोन्ही नाणी सोन्याची, वजन सारखे आणि दुसऱ्या नाणेधारकाची तक्रार नाही. महोदय, हीच तर तक्रार आहे. मोहनराव रिक्षावाल्याने सुटे कमी दिले तरी एसटी स्टँडवर माणसे गोळा करतात. ते गप्प का? जे नाणे ते दूधवाल्यालाही दाखवत, ते अर्जदार घरी गेला तेव्हा कपाटातून बाहेर आले नाही. विचारले, तर एवढेच म्हणाले, "आप्पा, माजं नाणं माज्याजवळ हाय. तुमच्याकडचं कुणाचं, ते तुमी हुडका."

७. तेवढ्यात त्यांच्या पत्नी विमलबाई चहा घेऊन आल्या. अदलाबदलीची गोष्ट त्यांच्या कानावर गेलेली नव्हती. नाण्याचा विषय ऐकून त्या हसत म्हणाल्या, "माज्या पाटल्या मोडून आनलं भावजी, अन् त्याचा बी एक मिनार बुटका." मोहनरावांनी त्यांना तातडीने पापड भाजायला आत पाठवले. चहासोबत पापड अर्जदाराने त्या घरात प्रथमच पाहिला.

८. आता खबर अशी की, आजवर एक नाणे न विकलेले मोहनराव या महिनाअखेरीस पुण्याच्या लिलावात "रेघवाली दुर्मिळ अशरफी" ठेवत आहेत, आणि सोबत दाखला आपल्या कक्षाचा आहे. ती एकदा पुण्याच्या पेटीत गेली की आईच्या गळ्यातली खूण अर्जदाराला पुन्हा दिसणार नाही.

तरी विनंती की, लिलावापूर्वी मोहनरावांना त्यांच्या अशरफीसह व विमलबाईंसह कक्षात बोलवावे. दोन्ही अशरफ्या टेबलावर ठेवाव्यात. अर्जदार व मोहनराव दोघांनीही बाहेर बाकावर बसावे. विमलबाईंनी आपली उचलावी. पाटल्या ज्यांच्या मोडल्या, त्यांची नजर अर्जदाराला मान्य आहे; त्यांनी रेघवाली उचलली, तर अर्जदार मुकाट्याने नांदूरघाटची गाडी धरील.

त्यांनी बुटक्या मिनाराची उचलली, तर ती ओतीव आहे हे कृपया आपण तिथे सांगू नये. तिचा दाखला मागाहून टपालाने रद्द करावा. ती गोष्ट मोहनरावांना घरी जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगू द्यावी. याहून मोठी शिक्षा अर्जदार मागत नाही.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
नम्र अर्जदार
(सही)
संगमेश्वर शिवलिंग तोडकर

नांदूरघाट, दि. ११ नोव्हेंबर २०२४

सोबत : पोचपावतीची प्रत, आपल्या उत्तराची प्रत, कमानीतल्या कुंकवाचा मोबाईलवर काढलेला फोटो. नाणे सोबत जोडलेले नाही. ते अर्जदार समक्ष आणील, आणि विमलबाई येईपर्यंत मुठीतून सोडणार नाही.