सासूची जहागीर

वेसावे, अंधेरी
फेब्रुवारी १९८६

प्रिय महादू,

चारचौघांत मी तुला 'अहो' म्हणते, पण एका आळीत खेळून वाढलेल्या माणसाला पत्रात कशाला अहो-जाहो? वेरावळला थंडी आहे का रे? इथे पहाटे बंदरावर बोटं आखडतात. आईंचं हाड जुळतंय. श्रावणात ओल्या पायरीवरून पडल्या त्या अजून काठीशिवाय उठत नाहीत, पण तोंड पहिल्यासारखंच चालतं. अंथरुणावरून मला विचारतात, आज पापलेट काय भावानं दिलंस, आणि काहीही सांगितलं तरी म्हणतात, फसलीस.

मॅट्रिकच्या वर्गाला जाते हे दिवाळीत तुला कळवलं होतं. तुझं उत्तर आलं नाही. बाजार आटोपला की दुपारी महिला मंडळात वर्ग भरतो. आधी अंगाला मासळीचा वास येतो म्हणून मी मागे बसायचे, आता पुढे बसते. अनुपमाबाई मराठी शिकवतात. एका धड्यात 'जहागीर' शब्द आला. बाईंनी अर्थ विचारला, मी म्हटलं, मोठी जमीन. त्या म्हणाल्या, "अर्धं बरोबर." राजा खूश झाला की सरदाराला गावं तोडून द्यायचा. वसूल सरदारानं खायचा, पण गावं राजाचीच. मर्जी फिरली की जहागीर जप्त. बखरीत ती पराक्रमाची खूण, गोष्टींत मात्र जहागीरदार म्हणजे बहुतेक लोडाला टेकून मिशा पिळणारा माणूस. आणि कवी तर चांदण्यालाही आपली जहागीर म्हणतात. ज्याच्याजवळ काही नाही तो तर हमखास म्हणतो! मला हे फार आवडलं. आमच्यातली एक म्हणाली, "बाई, आमच्याकडे हा शब्द नुसता भांडणात येतो." सगळ्या हसल्या.

मी हसले खरी, पण दुसऱ्याच दिवशी तो शब्द माझ्यावर आला. आई पडल्यावर मी दोन महिने त्यांच्याजवळच होते, बाजार बंद. मग पाटी घेऊन बाजारात गेले, तर आईंच्या बसायच्या फळीवर सुंदराबाई बसलेली, सुकट-बोंबील मांडून. मालवणकडची आहे. संपात नवऱ्याची गिरणी बंद पडली, तेव्हापासून तो घरी. तिला वाटलं, म्हातारी काही परत येत नाही. तेव्हापासून फळीच्या कडेला, गटाराशी बसून मी धंदा करत होते. त्या दिवशी डोकं फिरलं. म्हटलं, ऊठ, ही जागा आमची आहे. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ही काय तुझ्या सासूची जहागीर आसा काय गो?" सगळा बाजार बघत होता. एरवी मी ऐकून घेतलं नसतं, तुला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी पाटी उचलून घरची वाट धरली. मनात आलं, खरंच, ही जागा आईंना दिली कुणी?

घरी येऊन आईंना सांगितलं. वाटलं, काठी घेऊन निघतात आता. पण त्यांनी काठी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "मना कोन देनार? मी बसलू, ती जागा झाली. तिला सांग, सरकून बस." तसंच सांगितलं. सुंदराबाईनं टोपली आपल्याकडे ओढून घेतली. आता एका फळीवर ती सुकं विकते, मी ओलं. तिचं गिऱ्हाईक माझ्याकडे वळतं, माझं तिच्याकडे. मी वर्गाला निघाले की माझी उरलेली मांदेली तीच खपवते.

शिवदास वेरावळहून आला, त्याला महिना होईल. तुझ्याच बोटीवरचा माणूस, तुझी खुशाली सांगायला दारात उभा राहिला आणि माझ्याकडे बघेना. आईंनीच त्याला आत बोलावून खोदून विचारलं. मी चुलीशी होते. सगळं ऐकलं. तिचं नाव, तुमची खोली, आणि मुलगा झालाय तेही. मी रडले नाही असं लिहिलं तर खोटं होईल. आईही रडल्या. मग दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून पाटी भरली, कारण मासळी थांबत नाही.

शिवदासच्या तोंडून तू निरोप पाठवलास, की शिमग्याला तू तिला घेऊन येणार, तोवर मंजुळानं माहेरी जावं. स्वतः लिहायला हवं होतंस रे. हे पत्र त्याचं उत्तर आहे. मी जाणार नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, तू आणलंस म्हणून मी या घरात आहे, तुझी मर्जी आहे तोवर. पण भिंतींच्या विटा आईंच्या मासळीतून आल्या आणि आज चूल माझ्या मासळीवर पेटते. तू दिलेलं इथे काही नाही, तेव्हा तू काढून घेशील असंही काही नाही. आईंना हे वाचून दाखवलं. म्हणाल्या, पुढे लिही: "नातू बघाचा हाय. त्याला आन, त्याच्या आईला आन. जेवा, दोन दीस ऱ्हावा. पन पावना म्हनून." म्हणून लिहिते, शिमग्याला ये. बाळाला थंडीचं नीट गुंडाळून आण.

तुझ्या आईजवळ राहणारी,
मंजुळा