एका दाताचा फरक

ता. ४ नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

गुडघे काय म्हणतात? आई सांगत होती, आता तुम्हाला जिनाही उतरवत नाही. म्हणजे तुम्ही तुमच्या घराची टेकडी उतरणार नाही आणि बाबा चढणार नाहीत. बारा वर्षांपूर्वी शेवटच्या वळणावर त्यांची गाडी बंद पडली आणि तुम्ही साऱ्या पाहुण्यांसमोर म्हणालात की भाऊजी क्लचवर पाय ठेवून झोप काढतात. तेव्हापासून त्यांनी तिकडची वाट सोडली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना वर्षअखेरपर्यंतच गाडी चालवायची परवानगी दिलीय. त्याआधी तुम्ही दोघं एकदा भेटावं, एवढीच माझी इच्छा आहे.

त्याच गाडीची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनातले दोन गिअर जोडणारी साखळी, खुळखुळत होती, म्हणून इंजिन उघडलंय. दोन्ही गिअरवर लाल ठिपके आहेत, ते मागे तुम्ही चेन बसवलीत तेव्हाचे तुमचेच ना? बाबा खुर्ची टाकून शेजारी बसतात आणि पाना कसा धरायचा ते शिकवतात. स्वतः उलटा धरतात, पण हे तुम्हाला कळवायचं नाही असं ठरलंय.

तुमची,
पानेवाली भाची

ता. ९ नोव्हेंबर

चि. पानेवालीस,
अनेक आशीर्वाद.

ठिपके माझेच. तुझ्या आईचं नेलपॉलिश वापरलं होतं, त्यावरून तिने आठवडाभर तोंड फुगवलं होतं. पहिला पिस्टन अगदी वर आण, लहान आणि मोठ्या गिअरचे ठिपके समोरासमोर ठेव आणि मग चेन चढव. त्यानंतर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरव. ठिपके पुन्हा समोरासमोर आले, तरच झाकण लाव. कुठे अडलं तर जोर करू नकोस. माझ्या खुणेवर डोळे मिटून विश्वास ठेव.

भाऊजींना म्हणावं, पाना मारुतीच्या गदेसारखा धरत नाहीत.

आशीर्वाद कायम आहेत, पत्रं तेवढी येऊ देत.
मामा

ता. १५ नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

डोळे मिटले नाहीत, माफ करा. गिअर रॉकेलने धुतले तेव्हा मोठ्या गिअरवर कंपनीने ठोकलेला ठिपका निघाला. तुमचा लाल ठिपका त्याच्यापासून एक दात दूर आहे. तुम्ही रंगवलाय तो नुसता ओतकामातला खड्डा आहे. तीनदा पाहिलं, भिंग लावूनही पाहिलं.

मी चेन कंपनीच्या खुणेवर बसवली, दोन फेरे फिरवले आणि गाडी सुरू केली. मामा, ती इतकी हलकी पळते की बाबा एक चक्कर मारून आले आणि न उतरताच पुन्हा निघाले. कारण मी त्यांना सांगितलेलं नाही. ते तुम्हीच सांगावं, असं वाटतं.

राग मानू नका, लोभ कमी करू नका.
भाची

ता. २१ नोव्हेंबर

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला चार दिवस लागले. त्या वेळी चेन मी एक दात चुकवून बसवली होती. अशी गाडी सपाटीवर कशीबशी चालते, चढावर जीव टाकते. त्याच आठवड्यात मला चष्मा लागला होता. तुम्ही चेष्टा कराल म्हणून तो खिशात ठेवून काम केलं, आणि पुढच्याच रविवारी सगळ्यांसमोर मीच तुमची चेष्टा केली. तुमच्या पायाचा काही दोष नव्हता. माझं चुकलं. मला फार वाईट वाटतं.

फाटक उघडं ठेवतो.
तुमचा चष्मेवाला मेहुणा

ता. २६ नोव्हेंबर

रा. रा. मेहुणे यांस,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुमच्या बहिणीने ते मोठ्याने दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा माझ्या आग्रहाखातर.

रविवारी सकाळी येतो. त्याच वळणावर गाडी मुद्दाम थांबवीन आणि तिथूनच चढवीन. तुम्ही फाटकापाशी खुर्ची टाकून बसा. चष्मा लावा, नाहीतर म्हणाल दिसलंच नाही. तुमच्याशिवाय बारा वर्षं मलाही करमलेलं नाही, हे एकदा लिहून टाकतो.

तुम्ही एवढं कबूल केलंत, तर माझंही ऐका. त्या दिवशी वळणावर हँडब्रेक अर्धा ओढलेला होता. तुम्ही हसायला लागलात तेव्हा तो मी हळूच खाली केला. पोरीला कळवू नका, ती सध्या मला फार मानते.

चढ संपेपर्यंत लोभ असू द्या, पुढचं समोरासमोर बघू.
भाऊजी