पाण्यात हो म्हणायचं नाही

४ मार्च

चि. बेडकीस, अनेक आशीर्वाद.

फोनवर मला रडू येतं, मग तुलाही येतं, म्हणून कागदावर लिहितेय. मूतखड्याने मला आडवं पाडलं होतं ते तुला ठाऊकच आहे. खडा गेला बापडा आपल्या वाटेने. पण त्याच्यापायी पोटाचा सीटी स्कॅन काढला, त्यात डाव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत एक गाठ दिसली. मोठ्या द्राक्षाएवढी. एरवी डॉक्टरांनी एवढं मनावर घेतलं नसतं, पण माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय ना! तेच दुखणं इथे येऊन बसलंय की ही आपली साधी गाठ, ते सीटीवरून काही ठरेना. म्हणून काल एमआरआय केला.

तोही फसला! चित्रं हलली म्हणे, पुढच्या शुक्रवारी पुन्हा जायचंय. माझं काय चुकलं देव जाणे. मशीनवरची मुलगी हेडफोनमधून श्वास रोखायला सांगायची, आणि मी दर वेळी, हो बाळा, रोखला, असं गोड आवाजात कळवत होते. आपण कुणाला बिनउत्तराचं ठेवत नाही. तुझे आतोबा म्हणाले, यंत्रालासुद्धा माझी बडबड सोसली नाही. मी हसले खरी, पण घरी येऊन आधी देवापाशी दिवा लावला.

पोहण्याच्या तलावावर सांगून टाकलंय, शिकणाऱ्या मुलांची नवी बॅच मी घेणार नाही. सोबत माझी शिट्टी पाठवतेय. इतकी वर्षं गळ्यात होती, आता तुझ्याकडे असू दे. का म्हणून विचारू नकोस.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद आहेतच, ते काही संपत नाहीत.

तुझी,
आत्या

८ मार्च

ती. आत्यास, साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग हसून हसून पोट दुखलं, मग शिट्टी हातात घेऊन पुन्हा रडले. अगं बाई, श्वास रोखला असं सांगायला तोंड उघडलंस की श्वास सुटलाच ना! पोट हललं, पोटातली गाठ हलली, चित्र पुसट झालं. मी दिवसभर असलीच चित्रं वाचते, पण यंत्राशी इतक्या अदबीने वागणारा पेशंट अजून पाहिला नव्हता.

आता नीट ऐक. एकाच श्वासात दोन चित्रं काढतात. एकात पाणी आणि चरबी यांचे इशारे एकमेकांत मिळतात, दुसऱ्यात एकमेकांना खोडतात. साध्या गाठीच्या पेशींत बहुतेकदा पाण्याबरोबर बारीक चरबी असते, त्यामुळे दुसऱ्या चित्रात ती काळी पडते. तुझं जुनं दुखणं पसरलं असेल, तर गाठ बहुधा दोन्हीकडे सारखीच दिसेल. कधीकधी साधी गाठही काळी पडत नाही, मग पुढे तपासावं लागतं. तुला खोटा धीर देणार नाही. मलाही भीती वाटतेय, आत्या. खूप वाटतेय.

पण एक आठवतं का? तू मला पहिल्यांदा पाण्याखाली पाठवलंस, वरून ठीक आहे ना म्हणून विचारलंस, आणि मी तिथूनच हो म्हणून अर्धा तलाव प्यायले. बाहेर काढून पाठीत धपाटा घालून तू बजावलंस, की पाण्यात हो म्हणायचं नाही. शुक्रवारी त्या नळकांड्यात शिरलीस की समज, पाण्यात उतरलीस. कुणी काहीही विचारो, तोंड बंद!

शिट्टी ठेवून घेतलेली नाही, सांभाळतेय फक्त. आतोबांना नमस्कार. लोभ असावा, ओरडा बेताने असावा.

तुझी,
बेडकी

१५ मार्च

चि. बेडकीस, अनेकानेक आशीर्वाद!

काळी पडली! काळी कुळकुळीत! डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून दाखवली. डावीकडे ती राखाडी बया ऐटीत बसलेली, उजवीकडे कोळसा! साधी गाठ आहे, कॅन्सर नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. रक्ताच्या तपासण्याही ठीक आल्या. मी त्यांना चारदा वदवून घेतलं. चौथ्यांदा ते बिचारे हात जोडून म्हणाले.

आत गेले तेव्हा तुझंच पत्र मनात घोकत होते गं. आवाज आला तशी छाती भरून घेतली, डोळे मिटले आणि गेले खाली तळाशी. तळाच्या निळ्या फरशा दिसल्या मला. त्या मुलीने सोडा म्हटलं तरी मी सोडेना, शेवटी घाबरून ती आत धावत आली. बरी आहात ना, विचारलं, तरी मी गप्प! म्हटलं, चित्र हलायला नको. आतोबा म्हणतात, इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना जे जमलं नाही ते तू एका पत्राने केलंस. हे सांगताना डोळे मात्र पुसत होते, लबाड.

सोमवारपासून नवी बॅच घेतेय. शिट्टी ताबडतोब पाठव, मुलं नुसत्या आवाजाला भीक घालत नाहीत. तुझ्यावर जीव आहे, तो असाच राहणार.

तुझी,
आत्या

१७ मार्च

ती. आत्यास, नमस्कार, आणि आणखी एक नमस्कार.

तुझं पत्र दवाखान्याच्या जिन्यात उभ्या उभ्या वाचलं आणि तिथेच तुझी शिट्टी जीव खाऊन फुंकली. तिन्ही मजल्यांवरची माणसं बाहेर आली. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी काय झालं म्हणून दरडावून विचारलं. मला उत्तरच देता येईना, तोंडात शिट्टी आणि डोळ्यांत पाणी. मग त्यांनीच माझ्या हातातलं पत्र घेऊन वाचलं, आणि आणखी एकदा फुंकायला सांगितलं.

शिट्टी सोबत पाठवतेय. धुतलेली नाही. गळ्यात घाल आणि फुंक.

तुझी,
बेडकी