मैताई कंपनीची अकरा पदकं

८ मार्च १९०४, मंगळवार. नेल्सन.

खोकं आलं! चौदा महिन्यांनी आलं एकदाचं. लंडनहून वेलिंग्टन, वेलिंग्टनहून आमच्या धक्क्यावर. दुकानात बियाण्यांची पोती तशीच टाकून धावत गेलो, हातगाडीवर घालून ड्रिलच्या हॉलमध्ये आणलं. संध्याकाळी सगळी मैताई रायफल कंपनी जमलेली. अकराजण पुढच्या रांगेत — मिशांना मेण लावून. सोळा वर्षं चाकरी झालेले, पदकाचे मानकरी अकरा. ढोलवाल्या पेनहॅलोने तर कोटाची बटणंसुद्धा घासून आणली होती.

कॅप्टन ऑर्डने स्वतः खिळे उपटले. (धंद्याने दातांचा डॉक्टर. उपटण्यात त्याचा हात कोण धरणार!)

आत फिती. रेशमी फिती. पदकं नाहीत.

पुन्हा हात घातला, भुसा उपसला, खोकं उलटं करून आपटलं. फिती.

पेनहॅलो म्हणाला, "चला, निदान बांधायला तरी झालं."

९ मार्च

कंपनीचा पट आणि पत्रव्यवहार माझ्याकडे, तेव्हा लंडनच्या टॉबिट आणि क्रेल या कारागिरांना पत्र टाकलं. फितीला टांगायला काहीतरी पाठवा म्हणून. कडक लिहिलंय.

१५ मार्च

अकरा फिती नीट जपून ठेवा म्हणून सांगून वाटल्या होत्या. आज पेनहॅलोबाईच्या शेळीच्या गळ्यात एक दिसली. मी म्हटलं, "अहो बाई, ती सरकारी फीत आहे!" तर म्हणे, "मग? शेळी काय दारू पिऊन ड्रिलला जाते? आमच्या म्हाताऱ्यापेक्षा तिने जास्त कमावलीय ती."

डोर्कास पेनहॅलोशी वाद घालायचा नसतो. मी टोपी काढून वाटेला लागलो.

२६ एप्रिल, मंगळवार

पदकं आली! दुसऱ्या बोटीने, वेगळी. चांदीची, जड, एका बाजूला राजाचं डोकं — सुरेख. दुसऱ्या बाजूला किवी असायला हवा, आमचा इथला न उडणारा पक्षी.

मी पाहिलं. कॅप्टनने पाहिलं. एकमेकांकडे पाहिलं. मग इहाकाला बोलावलं. कॉर्पोरल इहाका पारोआ, म्हणजे आमच्यात जंगल जाणणारा एकच माणूस. त्याच्या आजोबांचा किवीच्या पिसांचा झगा आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. इहाकाने पदक हातात घेतलं, दिव्याखाली नेलं, तिरकं धरलं.

"कोंबडी," म्हणाला.

"नीट बघ ना."

"नीटच बघतोय. चांगली पोसलेली कोंबडी आहे. शेपटी बघ, तुरा बघ. आता अंडं घालेल असं वाटतंय. लॉडर, अरे, सोळा वर्षं मी कोंबडीसाठी उन्हातान्हात कवायत केली का रे?"

अख्खा हॉल हसून लोळला. कोपऱ्यातून कुणीतरी आरवलंसुद्धा. कोण ते कळलं असतं तर नाव लिहून घेतलं असतं. (मला वाटतं कॅप्टनच होता.)

पेनहॅलो मात्र हसला नाही. पदक तळहातावर घेऊन उभा होता. म्हणाला, "मला चालेल. कोंबडी तर कोंबडी." पण बाकीचे दहा तयार नाहीत. सगळी परत.

२८ एप्रिल

इहाकाने किवीचं चित्र काढून दिलं — फार छान. डौलदार, लांब चोच, वाकलेली पाठ. कॅप्टनने खाली आपल्या हाताने लिहिलं : शेपटी नाही. तुरा नाही. दिसण्यासारखे पंख नाहीत. मी आज टपालात टाकलं. सहा आठवडे जायला, सहा यायला. मध्ये त्यांना काम करायलाही वेळ लागणार.

१६ जून

पेनहॅलोचे गुडघे गेले. ढोल कमरेला बांधला की उठताना दोघांनी उचलावं लागतं. माणूस चौऱ्याहत्तर वर्षांचा, खोगिरं शिवून बोटं वाकडी झालेली, आणि ढोल तरी काय वाजवतो! चाल धरावी तर ठोका डाव्या पायाच्या आधी, उजव्याच्या नंतर. आमची कंपनी नेल्सनच्या रस्त्यातून जाते तेव्हा लोक दारात येतात ते आदराने नाही.

मी म्हटलं, "जोसाया, झालं की आता. घरी बस."

"पदक हातात पडेपर्यंत नाव पटावर हवं. नियमच आहे. तूच वाचून दाखवलास ना?"

हो, मीच. जो पदक द्यायच्या दिवशी पटावर नाही त्याला पदक नाही. ही ओळ वेलिंग्टनहून आली तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. अकराच्या अकरा तिला धरून बसलेत. स्टोव्हजवळ बसतात, एकमेकांच्या दुखण्यांची चौकशी करतात, बारक्या माशांची भजी खातात, लंडनला शिव्या देतात. मंगळवार छान जातो.

२३ ऑगस्ट, मंगळवार

तिसरं खोकं.

शेपटी नाही. तुरा नाही. पंख नाहीत. सांगितलं तसं सगळं काढून टाकलंय. मानही काढलीय! उरलाय एक बटाटा. बटाट्याला चोच.

इहाकाने पदक दिव्यापाशी नेलं, उलटंपालटं केलं. मग त्याने चौकशी केली, "उकडलेला की भाजलेला?"

मला हसू आवरेना. कॅप्टन रागाने लाल. "ह्या लोकांनी जन्मात किवी पाहिलाय का?"

नाहीच पाहिला. कुठून पाहणार बिचारे! आणि मग कॅप्टनच्या डोक्यात ते आलं. त्याच्या दवाखान्यात, रोगी बसतात त्या खोलीत, काचेच्या पेटीत पेंढा भरलेला किवी आहे. पोरं दात काढून घ्यायच्या आधी त्याच्याकडे बघून रडतात. कॅप्टन गंभीरपणे म्हणाला, "लॉडर, तो पाठवू."

"साहेब, तो तुमच्या वडिलांचा —"

"पाठवू म्हणतो ना."

२५ ऑगस्ट

किवी बोटीवर चढला. गळ्यात चिठ्ठी : "असा." कॅप्टन धक्क्यावर टोपी काढून उभा होता. मी पण काढली. काय करणार!

१८ ऑक्टोबर

काही नाही. ड्रिल. पेनहॅलोने ढोल फोडला.

२० डिसेंबर, मंगळवार

नाताळच्या तोंडावर खोकं आलं! पक्षी बघून डोळ्यांत पाणी आलं. किवी. खराखुरा किवी, पिसांचा, मातीत चोच खुपसून उभा. इहाका म्हणाला, "हा माझ्या ओळखीचा आहे." कॅप्टनने पदक छातीशी धरलं. "वडिलांचाच!"

टाळ्या, आरोळ्या. पेनहॅलोने ढोल बडवला (नवीन कातडं लावलंय, आवाज आणखी वाईट). मग मी चष्मा लावला आणि कडेची अक्षरं वाचली.

हवं होतं : दीर्घ व कार्यक्षम सेवेबद्दल.

आहे : दीर्घ व अकार्यक्षम सेवेबद्दल.

अकराच्या अकरांवर! सुबक अक्षरात!

पेनहॅलो पुढे आला, त्याला वाचता येत नाही, म्हणाला, "काय लिहिलंय?" मी सांगितलं. तो विचार करून म्हणाला, "म्हणजे कुणीतरी येऊन ऐकून गेलं तर."

२२ डिसेंबर

टॉबिट आणि क्रेलला पत्र. तिसऱ्यांदा लिहून तिसऱ्यांदा फाडलं. शेवटी पाठवलं ते एवढंच : "एक अक्षर कमी करा. पक्ष्याला हात लावू नका. कॅप्टनसाहेबांचा मूळ पक्षी परत पाठवा."

३ जानेवारी १९०५

आज कुणीच सुट्टी घेतली नाही. वर्षाचं पहिलं ड्रिल असूनही अकरा हजर. पीटर गॉर्डी तापाने फणफणलेला, तरी आला. "मी मेलो तरी पटावर नाव ठेव," मला सांगतो.

घरी जाऊन काय करायचं असतं कुणाला! मलासुद्धा. माझी बायको हॅरिएट गेली त्याला सहा वर्षं झाली. मंगळवारी मी चहा करत नाही, तिकडेच मिळतो.

२१ मार्च

लंडनहून पत्र. चुकीबद्दल दिलगीर आहेत. नवा कारागीर होता म्हणे. पक्षी कसर लागून गेला, तेव्हा परत पाठवता येत नाही.

कॅप्टनला हे सांगायला त्याच्या दवाखान्यात गेलो. तो कुणाच्यातरी तोंडात दोन बोटं घालून होता. सांगितलं. बोटं काढली, खिडकीशी जाऊन उभा राहिला. रोगी तोंड उघडं ठेवूनच बसला. रिकामी काचेची पेटी अजून तिथेच आहे, पोरं आता तिच्याकडे बघून रडतात.

१८ एप्रिल, मंगळवार

आली. बरोबर आली! पाचवं खोकं. फीत आहे, पिन आहे, राजा आहे, पक्षी आहे, अक्षरं आहेत. मी तीन वेळा वाचली. इहाकाने वाचली. मग कॅप्टनने मोठ्याने वाचली. कुठे काही चूक नाही.

सगळे जरा गडबडून गेले. शिव्या द्यायला काही उरलंच नाही.

२९ एप्रिल, शनिवार

समारंभ! महापौर, बँड, शाळेतली मुलं, केक. अकराजण रांगेत. कॅप्टनने एकेकाच्या छातीवर पदक लावलं. पेनहॅलोला लावताना पिन टोचली, तो हूं की चूं करेना. डोर्कासबाई पहिल्या ओळीत बसून मोठ्याने नाक शिंकरत होती. नंतर मला म्हणाली, "धूळ फार आहे हो मिस्टर लॉडर." गवतावर धूळ!

घरी येऊन खूप वेळ बूट न काढता बसलो. किती बरं वाटलं.

१ मे

सकाळी दुकान उघडायच्या आत पेनहॅलो दारात. ढोल घेऊन. काउंटरवर ठेवला, मटारच्या बियांशेजारी.

"हा घे. मी सुटलो."

"म्हणजे?"

"म्हणजे राजीनामा. पदक मिळालं ना! गुडघे बघ माझे. पदकासाठीच थांबलो होतो, आता कशाला?" हसला, हात मिळवला, गेला.

बरोबरच आहे. मीच सांगत होतो ना घरी बस म्हणून. दिवसभर ढोल काउंटरवरच. गिऱ्हाईकं विचारत होती, विकायला आहे का.

४ मे

आणखी सात राजीनामे. एका दिवसात! कुणी चिठ्ठी, कुणी पटकन रस्त्यातच सांगून. पीटर गॉर्डीने तर दुधाच्या गाडीवरून ओरडून दिला. ह्या अकराजणांच्या मागून बाकीचे तरुण येत होते, ते आता म्हणतात, म्हाताऱ्यांशिवाय मजा नाही.

५ मे

इहाका पण. मान खाली घालून आला. "लॉडर, शनिवारी पदक लावलं आणि वाटलं, झालं. आता उगाच काय जायचं." नऊ झाले. आमचे एकूण त्रेचाळीस, उरले चौतीस. चाळीसाच्या खाली गेलो की कंपनी मोडतात, हॉल परत घेतात. कॅप्टन म्हणाला, "बघू." दातांच्या डॉक्टरचं 'बघू' म्हणजे काय ते सगळ्या गावाला माहीत आहे.

९ मे, मंगळवार

ड्रिलला बाराजण. स्टोव्ह पेटला, पण खुर्च्या रिकाम्या. ढोल नाही, तर बरोबर चाल जमली. पहिल्यांदाच जमली. कुणी दारात आलं नाही बघायला.

दिवा घेऊन बाहेर आलो तर कुंपणाशी कुणीतरी.

"जोसाया?"

"मी फक्त जात होतो इथून."

पेनहॅलोचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. मी म्हटलं, आत ये ना, चहा आहे. म्हणाला, "छे. राजीनामा दिलेला माणूस. लाज वाटते बुवा. मीच ढोल आणून टाकला, आता कुठल्या तोंडाने?"

जाताना वळणावर गॉर्डी भेटला. तोही फक्त जात होता. पुलावर इहाका. नदी बघत होता म्हणे. अंधारात!

११ मे

डोर्कास पेनहॅलो दुकानात. सरळ काउंटरपाशी.

"त्याला परत घ्या."

"बाई, तुम्हीच तर वर्षभर —"

"मी बोलले ते विसरा. टेबल बडवतो दिवसभर. चमच्याने. काल शेळीच्या पाठीवर वाजवत होता! पदक उशीखाली ठेवून झोपतो, उठल्यावर तोंड एवढंसं. सांगायला लाजतो, मिस्टर लॉडर. तुम्ही बोलवा."

"मी बोलावलं तर येईल?"

"नाही यायचा. अभिमान आहे मेल्याला. काहीतरी कारण काढा."

कोबीचं बी घेऊन गेली.

१२ मे

लंडनला पत्र लिहिलं : किवीचा डावा पाय चुकला आहे, सबब अकराही पदकं सदोष, परत पाठवत आहोत. तसं अकराजणांना कळवलं. पदक दिलं नाही असं धरावं, नियमाप्रमाणे नवी पदकं येईपर्यंत नावं पटावरच आहेत, मंगळवारी हजर राहावं. कॅप्टनने दातांच्या भिंगातून तो पाय फार वेळ पाहिला. म्हणाला, "कीड आहे खरी," आणि सही केली.

पाय अगदी बरोबर आहे.