कडी नसलेलं दार

प्रिय ताई,

फोनवर तू लगेच काय झालं म्हणून विचारतेस आणि मी लगेच काही नाही म्हणते. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते आहे. हसू नकोस, अक्षर म्हणजे अजूनही कोंबडीचे पायच.

घरी सोडलेल्या पेशंटची विचारपूस करायला आमच्या मनोरुग्णालयातून मीच जाते, हे तुला माहीत आहे. परवा एका बाईंचा नवरा मला बाथरूम दाखवताना ओशाळला. आतली कडी त्याने काढून टाकली होती, स्क्रूची भोकं तेवढी उरली होती. अंघोळ करताना त्यांना गायला सांगा, असं मी पटकन बोलून गेले. यातली पेशंट नक्की कोण, असंच वाटलं असणार त्याला.

आईच्या आजारपणात बाबांनी आपल्या घरातल्या कड्या काढल्या तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस, मी दहाची. आईला एकटीलाच वेगळं वाटू नये म्हणून नियम सगळ्यांना सारखा. दार नुसतं लोटायचं आणि आत असेपर्यंत गात राहायचं. आवाज थांबला की जवळ असेल त्याने हाक मारायची. बाबा गाणं येत नाही म्हणून पाढे म्हणायचे, तेही एकोणतीसला अडकायचे. आणि माझं नाव तू तेव्हाच ठेवलंस.

नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, याच कामात का यायचंय. मी सेवा, करुणा, पाठ केलेलं सगळं घडाघडा बोलले. खरं कारण तुलाही कधी सांगितलं नाही. त्या दुपारी आईचं गाणं थांबलेलं मला ऐकू आलं होतं, ताई. मी गणित सोडवत होते. एवढं संपवून उठू, म्हटलं. तेवढ्यात तू कॉलेजातून आलीस, दार ढकललंस, म्हणून आई वाचली. मला ऐकूच आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून कुणी गप्प झालं की मी हातातलं सोडून आधी हाक मारते. तुमचं किती बारीक लक्ष असतं, असं लोक कौतुकाने म्हणतात. लक्ष कसलं, भीती आहे ती.

आता मुद्द्याचं सांगते. त्या बाईंच्या घरून आल्यावर मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि माझ्या बाथरूमची कडी काढली. मी एकटी राहते. कुणाच्या भीतीने काढली, ते मला नीट कळत होतं. महिनाभर झोप नाही, घास गिळवत नाही, आणि आई म्हणायची तसं सगळं लांब लांब गेल्यासारखं वाटतं. इतरांना सांगते ते स्वतःही केलंय, मंगळवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पण मंगळवारपर्यंत मला एकटीला राहायची फार भीती वाटते. वाचलंस की निघ. दाराबाहेर स्टूल ठेवलंय, तिथे बस. मी बेसूर का होईना, गाईन. थांबले तर हाक मार.

तुझीच,
बेसूर