चव्वेचाळीस सेकंद

७ ऑक्टोबर, दुपारी

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ नक्की आहे, कारण त्याच क्षणी बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून, खजूर भरलेले मकरूद कढईत करपवल्याबद्दल माझा उद्धार करत होते. तेवढ्यात ती आमच्या मिठाईच्या दुकानात आली. अर्धा किलो मागितले. बाबांनी तोलले आणि सवयीप्रमाणे काटा स्थिर झाल्यावर वरून एक मकरूद टाकला. ती हसली. बाबांकडे बघून हसली, पण मी बाबांच्या मागेच उभा होतो.

नाव ओल्फा. ट्युनिसच्या विद्यापीठात रिसर्च करते. आमच्या कैरुआनमध्ये मोठ्या बायकांचा साक्षरता वर्ग आहे, तिथे महिनाभर काम. चार-चार वर्षं वर्गात बसूनही काही जणींना वाचता येत नाही. त्यांच्यात शिकण्याची खरी अडचण कोणाला आहे, ते टेस्ट घेऊन शोधायचं. सापडतील त्यांच्यासाठी वेगळा वर्ग, वेगळी पद्धत, फुकट. जागा बारा.

सकाळी दोन तास मदतीला कोणी मिळेल का, असं तिने विचारलं. बाबा म्हणाले, हा घेऊन जा, इथे मिठाई तरी वाचेल.

संकल्प: सिगारेट बंद. भांडण बंद. सूस शहरातलं कॉलेज पुन्हा सुरू. (कॉलेज मी सोडलं. बाबा ही गोष्ट उलटीकडून सांगतात.)

८ ऑक्टोबर

तिने मला स्टॉपवॉच दिलं. गळ्यात घालायच्या दोरीसकट. असं कोणी कोणालाही देत नाही.

काम सोपं. बाईसमोर चित्रांचा तक्ता ठेवायचा. किल्ली, लिंबू, हात, गाढव, किटली, हीच पाच पुन्हा पुन्हा, पाच ओळींत एकूण चाळीस. बाईने भराभर नावं सांगायची, मी बटण दाबून सेकंद लिहायचे. अडचण असलेल्यांना चित्र ओळखू येतं, पण नाव ओठांवर यायला वेळ लागतो, असं ओल्फा म्हणाली. मला लगेच पटलं. माझंही सकाळपासून तेच चाललंय.

टेस्ट चालू असताना ती स्वतःचा फोन टेबलावर पालथा ठेवते. मी बोलत असताना फोनमध्ये लक्ष जाऊ नये म्हणून.

सिगारेट: शून्य. (एक, पण ती सकाळी, निर्णय पक्का व्हायच्या आधी.)

९ ऑक्टोबर

आज मबरूकामावशीची टेस्ट. मावशी गालिचे विणते. तिच्या हातचा गालिचा बाजारात लांबून ओळखतात. पण वर्गात चौथं वर्ष, आणि फळ्यावरचा एक शब्द वाचायला अर्धी सकाळ.

ओल्फाने विचारलं, मावशी, वाचायला कशासाठी शिकायचंय? मावशी म्हणाली, "बाई, माझ्या फोनवर मेसेज येतात. ते वाचते शेजारीण सालहा. आधी मला वाचून दाखवते, मग गल्लीला. मागे दवाखान्यातून मेसेज आला. मी घरी नव्हते. मला मूळव्याध आहे हे मला कळलं, तेव्हा भाजीवाल्याला कळून दोन तास झाले होते. तो मला म्हणतो, मावशी, मिरची नका घेऊ."

मी इतका हसलो की ओल्फाही हसली. आमचं विनोदाच्या बाबतीत जमतं.

मग तक्ता. मावशी दुसऱ्या ओळीतच अडकली. लिंबू समोर, आणि ती म्हणते, ते... ते आंबट... माशावर पिळतो ते... कपाळावर घाम. हात नुसता मांडीवर घासतेय. मला बघवेना. तिसऱ्या ओळीलाच मी बटण दाबलं. कागदावर चव्वेचाळीस सेकंद.

बाबा काटा स्थिर झाल्यावर वरून एक टाकतात. मी थोडे सेकंद सोडले. माणुसकी रक्तातच असावी लागते.

१० ऑक्टोबर

आता सगळ्यांनाच सेकंद सोडतो. एकीला सूट आणि दुसरीला नाही, हा अन्याय झाला असता. शिवाय आमच्या बायका हुशार निघाल्या की ओल्फाचा रिसर्च गाजणार. पुस्तक निघेल. पहिल्या पानावर आभार, त्यात मी. लग्नानंतर आभार मानत नाहीत म्हणतात, तेव्हा पुस्तक आधी निघालेलं बरं.

१४ ऑक्टोबर

वर्गाच्या कारकुनाशी भांडण. भांडण नव्हे, माझा आवाज मुळातच मोठा आहे. तो ओल्फाला "ती ट्युनिसची पोरगी" म्हणाला. मी त्याची खुर्ची बाहेर अंगणात नेऊन ठेवली. खुर्चीवर तो बसलेला होता, एवढाच तपशील.

ओल्फाने मला या विषयावरचं पुस्तक वाचायला दिलंय. चारशे पानं. अर्पणपत्रिका फार सुंदर आहे.

सिगारेट: पाच. अभ्यासाचा ताण.

१८ ऑक्टोबर

ओल्फा आज माझ्या कागदाकडे बराच वेळ बघत होती. मग माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "हातेम, तुम्ही बटण शेवटच्या चित्रालाच दाबता ना?" मी म्हटलं, मॅडम, जीव गेला तरी. ती आणखी थोडा वेळ बघत राहिली. डोळे मधासारखे.

मुलगी इतका वेळ उगाच बघत नाही.

२१ ऑक्टोबर

मबरूकामावशी लोकरीची पिशवी घेऊन गल्लीत भेटली. मला राहवेना. ओरडून सांगितलं, मावशी, तोंड गोड करा! चव्वेचाळीस सेकंद! तुम्हाला कसलीही अडचण नाही!

तिने पिशवी खाली ठेवली. "म्हणजे मला त्या वर्गात जागा नाही?"

जागा कशाला, तुम्ही पास, मी म्हटलं.

तिने पिशवी उचलली आणि सलाम न करता निघून गेली. आनंद अनावर झाला की माणसाला शब्द सुचत नाहीत.

२४ ऑक्टोबर

मावशी तीन दिवस वर्गात नाही. ओल्फा दोनदा म्हणाली, आजारी तर नसेल? मी म्हटलं, बघून येतो.

मावशी मागावर बसली होती. लोखंडी फणी गाठींवर अशी आपटत होती, जणू गाठींच्या जागी मीच आहे. मी सलाम केला. तिने बघितलं नाही. मग फणी न थांबवता बोलायला लागली.

"बाप म्हणाला, ढ. नवरा म्हणाला, ढ. मग ही बाई आली. म्हणाली, मावशी, तुम्ही ढ नाही, तुमची अक्षरांची वाट वेगळी असेल, ती शोधता येते. आठ-दहा दिवस मी मान वर करून हिंडले रे. आता तू भर गल्लीत ओरडतोस, काही अडचण नाही. मग मी कोण? नुसती ढ?"

मी आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोललो. बटणाचं सांगितलं. बाबांच्या तराजूचंही सांगितलं.

फणी थांबली.

"मेल्या, तुझा बाप वरून टाकतो. तू माझे काढून घेतलेस. माझे सेकंद होते ते. घाम गाळून घालवलेले."

आणि चहा न देता घालवून दिलं. कैरुआनमध्ये चहा न देता घालवून दिलेला मी पहिला माणूस असेन.

संकल्प: ओल्फाला सगळं सांगायचं. उद्याच. इस्त्रीचा शर्ट.

२५ ऑक्टोबर

भाषण दोन भागांत लिहिलं होतं. पहिला भाग कबुली, दुसरा भाग लग्नाचा. क्रम विचारपूर्वक ठरवला होता. खऱ्या माणसावर बायका भाळतात.

पहिला भाग म्हणून झाला. ओल्फा म्हणाली, "माहीत आहे मला."

दुसऱ्याच दिवसापासून माहीत होतं. पालथ्या फोनवर रेकॉर्डिंग चालू असायचं. ती रोज संध्याकाळी ऐकून सेकंद पुन्हा मोजायची. माझे कागद एका वेगळ्या फाइलमध्ये आहेत. त्या फाइलचं काही करत नाहीत. मबरूकामावशीचे खरे सेकंद एकाहत्तर. बारा जणींच्या यादीत तिचं नाव पहिलं.

मग मला ठेवलं कशाला, मी विचारलं. म्हणाली, "तुम्ही असलात की बायका हसतात, परीक्षेची भीती जाते. घड्याळ आपलं हाताला काहीतरी काम."

मी स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं. तरी दुसरा भाग म्हणायला तोंड उघडलंच होतं. त्याआधी, सगळंच खरं सांगायचं म्हणून, गल्लीतलं सांगितलं. तेव्हा मात्र ती उठून उभी राहिली.

"सेकंद मी दुरुस्त केले, हातेम. हे कशाने करू? तिच्या तोंडावर सांगून आलात, काही अडचण नाही म्हणून? सोमवारी वर्ग सुरू होतोय. ती आली नाही तर जागा तेरावीला द्यावी लागेल. मला दुसरा मार्ग नाही."

दुसरा भाग खिशात. सिगारेट मोजल्या नाहीत.

२६ ऑक्टोबर

पुन्हा मावशीकडे. दारातूनच सांगितलं, एकाहत्तर सेकंद, यादीत पहिलं नाव, अल्लाची शपथ.

मावशी म्हणाली, "परवा चव्वेचाळीस, आज एकाहत्तर. उद्या किती? तुझ्या तोंडाला काटाच नाही."

मी दारातच बसकण मारली. दोन तास. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने विचारलं, काय झालं, आणि मी प्रत्येकाला सांगितलं. शेवटी मावशी बाहेर आली.

"ऊठ. सोमवारी वर्गात सगळ्या बायकांसमोर सांग काय केलंस ते. सालहाला पण बोलाव, म्हणजे गल्लीत वेगळं सांगायला नको. मग बघू."

मी म्हटलं, माझी काही अब्रू आहे. ती म्हणाली, मग सोपंच आहे, थोडीच जाईल.

२८ ऑक्टोबर

सांगितलं. उभा राहून, सगळं, सेकंदांसकट. वीसेक बायका, नव्या वर्गाच्या आणि नुसत्या ऐकायला आलेल्याही. सालहा सगळ्यात पुढे, तोंड उघडं, एक शब्द सांडू नये म्हणून. मागून कोणीतरी ओरडलं, "माझे किती चोरलेस रे? चोरायचीच होती तर माझ्या वयातली वर्षं चोरायचीस!" मग जो हशा झाला, तो थांबेपर्यंत माझे कान लाल.

मबरूकामावशी दारात उभी होती. कधी आली कळलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या शेजारून सरळ पुढे गेली, सालहाला म्हणाली, "सरक, तुझी जागा नाही ही," आणि पहिल्या बाकावर बसली.

"हं, बाई. चालू करा."

नव्या शिक्षिकेने तिच्यापुढे पुठ्ठ्यावर लोकर चिकटवून केलेलं मोठं अक्षर ठेवलं. डोळे मिटून बोटाने गिरवा म्हणाली. मावशीने बोट फिरवलं. एकदा, दोनदा. डोळे मिटलेलेच. मग म्हणाली, "अगं बाई, हे असं वळतं होय! चार वर्षं कोणी हात लावू दिला नाही."

ओल्फाचे डोळे भरून आले. मी भिंतीला टेकून बघत होतो. वाटलं, दुसऱ्या भागाची वेळ हीच. ती वळली, बाकांमधून वाट काढत थेट माझ्याकडे आली. इतक्या जवळ ती कधीच आली नव्हती. माझ्या कानाशी वाकून, इतक्या हळू आवाजात की आणखी कोणाला ऐकू जाऊ नये, म्हणाली, "हातेम, जाताना दार लावून घ्याल? बाहेरच्या आवाजाने त्यांचं लक्ष जातं."

मी बाहेर पडलो. दार लावून घेतलं.